कोपऱ्याची वीण

भिंतीचा हात धरी, भिंतीची बहीण,
भावानं माझ्या घातली, कोपऱ्याला वीण.

ही ओवी मिस्त्रींनी पहिल्यांदा ऐकली त्याला एकतीस वर्षं झाली. त्यांची थोरली बहीण विटांच्या ढिगाशी उभी होती. बाह्या दुमडलेल्या, केसांवर विटांची तांबडी भुकटी. एकेक वीट पुढे करता करता ती ओळ जुळवत होती. वीट हातात यायची तेव्हा एक शब्द ओठावर यायचा, वीट पुढे जायची तेव्हा त्याला जोडीदार सापडायचा. संध्याकाळपर्यंत वीटही संपली आणि ओवीही पुरी झाली.

ताई शिवणकाम करायची. सात वर्षं मशीनचं पायडल मारून तिनं ती जागा घेतली होती. दोन खोल्या आणि पुढे दुकानापुरता एक खण, एवढंच घर. बांधणारे हात दोघांचे: एक तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हे मिस्त्री, आणि दुसरा तिचा नवरा, तोही गवंडीच. नवऱ्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत, कारण उभं राहणं सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. मिस्त्री त्यांना भावजी म्हणायचे. भावजी त्यांना मेहुणे म्हणायचे, तेही असं लांबवून की त्यात अर्धा टोमणा आपोआप मिसळायचा.

दोघंही हाताचे पक्के. आणि सूर्य कुठून उगवतो यावरही दोघांचं एकमत व्हायचं नाही.

त्या दिवशी मागच्या खोलीच्या दोन भिंती कमरेपासून चौकटीच्या डोक्यापर्यंत चढवायच्या होत्या. चार फुटांचं काम. तेवढ्या विटा पुढे करून ताई चहा करायला घरी गेली. भावजी म्हणाले, “मेहुणे, चहा येईस्तोवर कोण आधी वर पोचतो बघू. हरेल त्यानं वर्षभर दुसऱ्याचा डबा घासायचा.”

“घासणी आत्ताच आणून ठेवा,” मिस्त्री म्हणाले आणि थापी उचलली.

आता कोपरा बांधायची रीत अशी. एका थराला या भिंतीची वीट त्या भिंतीत शिरते, पुढच्या थराला त्या भिंतीची वीट या भिंतीत. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत, तसं. त्यासाठी प्रत्येक थराला एकानं दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. पण शर्यतीत थांबतो कोण? प्रत्येकाला वाटलं, थांबेल तो समोरचा.

दोघं एकदमच वर पोचले आणि दोघांनी एकदमच कोपऱ्याकडे पाहिलं. दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या, भांडून अबोला धरलेल्या जावांसारख्या. मधे बोटभर फट, खालपासून वरपर्यंत सरळ. तेवढ्यात ताईची चाहूल लागली. भावजींनी फटीत मसाला कोंबला, मिस्त्रींनी वरून थापी फिरवली.

“कोण जिंकलं?” चहाची किटली खाली ठेवत ताईनं विचारलं.

“बरोबरी,” दोघं म्हणाले.

ताईनं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. या दोघांची कशात बरोबरी झालेली तिनं आजवर ऐकली नव्हती.

उद्या उकलून पुन्हा बांधू, असं दोघांच्याही मनात होतं. पण उद्या वरचे थर चढले, परवा छताची माणसं आली आणि तेरवा गिलावा झाला. गिलावा फार उदार असतो, सगळ्यांचं सगळं झाकतो. ताई राहायला गेली त्या दिवशी तिनं दुसरी ओवी रचली:

एक भिंत भावाची, एक माझ्या धन्याची,
मधे माझी झोप बाई, राजाच्या कन्येची.

मिस्त्रींच्या घशात घास अडकला. “काय रे, तिखट लागलं?” ताई म्हणाली आणि तिनं पाणी पुढे केलं.

*

मागच्या खोलीत मात्र राजाच्या कन्येला कधी झोपायला मिळालं नाही. त्याची व्यवस्था मिस्त्रींनी केली.

आधी एक शिडी आली. “ताई, दोन दिवस ठेवू का?” मग दोन जुनी दारं. मग चाक निखळलेली हातगाडी, सहा पत्रे, एक फुटकं वॉशबेसिन. कोपऱ्यालगत एवढी अडगळ रचली, की तिथं खाट काय, मांजरसुद्धा आडवं होऊ शकत नव्हतं. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “माझ्या घरात खोल्या दोन. एक माझी, एक माझ्या भावाच्या भंगाराची.” भावजी, ज्यांना स्वतःच्या घरात खिळासुद्धा जागच्या जागी लागायचा, ते यावर चकार शब्द काढत नसत. उलट कधीतरी स्वतःच म्हणत, “मेहुणे, ते जुनं पिंप टाकणार असाल तर इकडेच आणा.”

बाकी सगळं छान चाललं होतं. ताईच्या मशीनची धाव, भावजींची भांडणं, मिस्त्रींचं दर आठवड्याला चहाला येणं. फक्त ताई ओवी म्हणायला लागली की मिस्त्रींना काहीतरी काम आठवायचं. ती गिऱ्हाइकासमोर कौतुकानं म्हणायची, कापड बेतताना म्हणायची, कधी नुसतीच म्हणायची. एकतीस वर्षांत त्या ओवीनं मिस्त्रींना शेकडो वेळा उठवून घरी पाठवलं होतं.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी जमीन हलली. फार नाही, डब्यांची झाकणं खुळखुळली, दिवा झुलला, शेजारचं कुत्रं स्वतःवरच भुंकलं. संपलं. पण दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, “मागच्या खोलीत गिलाव्याला चीर गेलीय. आपलं वय झालं तसं गिलाव्याचंही झालं.”

मिस्त्री पत्र्यांमागे वाकून पाहायला गेले. चीर कोपऱ्यात होती. कमरेपासून चौकटीच्या डोक्यापर्यंत, नेमकी चार फूट, ओळंब्यात.

“आणि हे बघ,” मागून ताई आनंदानं म्हणाली, “लेकीची बदली इथल्याच दवाखान्यात झालीय. बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात येतेय राहायला. तेव्हा तुझा खजिना हलव आता. बाळाचा पाळणा इथं ठेवणार, खिडकीजवळ, कोपऱ्यात.”

*

गवंड्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग होता: छोटी घरं भूकंपात कशी टिकवायची. मिस्त्रींनी नाव दिलं. हॉलवर पोचले तर पहिल्या रांगेत भावजी आधीच बसलेले.

“तुम्ही कसे काय?”

“घरी पंखा बिघडलाय,” भावजी म्हणाले. “इथं वारा छान येतो.”

शिकवणाऱ्या बाई मिस्त्रींच्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर एक मोठा ट्रे ठेवला होता, खाली लोखंडी गोळ्या, बाजूला हँडल. ट्रेवर काडेपेटीएवढ्या विटांची दोन घरं, दार-खिडक्यांसकट, अगदी सारखी.

“यातलं कुठलं घ्याल?” बाईंनी विचारलं.

“ज्याला बाल्कनी असेल ते,” मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

बाईंनी हँडल फिरवायला सुरुवात केली. ट्रे डुगडुगला. आधी दोन्ही घरं सारखीच थरथरली. मग डावीकडच्या घराच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ दिसली, सरळ, उभी. रेघेची फट झाली. भिंत दार उघडावं तशी बाहेर झुकली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि आडवी झाली. तिच्यामागे छत खाली बसलं. उजवीकडचं घर नुसतं हलत राहिलं, ताप आलेल्या पण उठून बसलेल्या माणसासारखं.

हॉलमधलं हसणं थांबलं.

“विटा त्याच, मसाला तोच,” बाई म्हणाल्या. “या घराचे कोपरे गुंफलेत, आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींभोवती काँक्रीटचा पट्टा नेलाय. त्या घराच्या भिंती नुसत्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. भूकंप येतो आणि भिंतींना एकच विचारतो: तुम्ही एकमेकींना ओळखता का?”

भावजींनी हात वर केला. सरळ, ओळंब्यासारखा.

“माझ्या एका ओळखीच्या माणसाचं घर आहे,” ते म्हणाले. “बांधताना एक कोपरा... म्हणजे त्या माणसाकडून नव्हे, कुणाकडून तरी... गुंफायचा राहिला.”

“माझ्याही ओळखीच्या माणसाचं आहे,” मिस्त्री एकदम म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

“एकाच माणसाला दोघं ओळखता वाटतं,” बाल्कनीवाला म्हणाला. हॉल पुन्हा हसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर कोपरा काढला. दर तीन थरांनी दोन विटांमधला आडवा सांधा खोल कोरायचा, दोन्ही भिंतींत हात-हातभर. त्यात काटकोनात वाकवलेली सळई बसवायची, सिमेंटचा मसाला ठासायचा. वरून कोपरा वळून जाणारी जाळी, आणि मग गिलावा. “तुटायच्या आधी शिवता येतं,” त्या म्हणाल्या. “त्या ओळखीच्या माणसाला सांगा, उशीर करू नका. आणि घरात राहणाऱ्यांनाही सांगा.”

शेवटचं वाक्य मिस्त्रींनी वहीत उतरवलं नाही.

*

वर्गाबाहेरच्या टपरीवर दोघं चहा फुंकत उभे राहिले.

“तुम्ही थांबायला हवं होतं,” मिस्त्री म्हणाले.

“मी? वयानं मोठा मी. थांबायचं असतं धाकट्यानं.”

“मग मोठ्यानं काय करायचं असतं?”

“जिंकायचं असतं,” भावजी म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. “तिला काय सांगत होतो मी इतकी वर्षं, माहितीये? ती ओवी म्हणायची आणि मला विचारायची, जमलीये ना हो? मी म्हणायचो, झकास.”

“आपण नीट करू. जाळीबिळीसकट.”

“करू. पण तिला काय सांगायचं?”

मिस्त्रींनी कपाच्या तळाशी पाहिलं. ताईसमोर उभं राहून हे सांगायचं, म्हणजे सात वर्षांच्या पायडलवर आपण गिलावा फासला असं सांगायचं. एकतीस वर्षं जिनं आपलं नाव ओवीत ठेवलं, तिच्या तोंडातून आपणच ते काढून घ्यायचं.

“ओल,” ते म्हणाले. “भिंतीला ओल आलीय, असं सांगू.”

“ओल,” भावजींनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मेहुण्याचं काही एका दमात मान्य केलं होतं.

*

भंगार हलवायला एक अख्खा दिवस गेला. शिडीखालून ताईची हरवलेली कात्री निघाली, वॉशबेसिनमधून मांजरीची तीन पिल्लं. ताईला कात्रीचा आनंद जास्त झाला की पिल्लांचा, हे कळलं नाही.

छतापासून जमिनीपर्यंत टेकू लागले. मग छिन्नीचा पहिला घाव बसला, गिलावा पापुद्र्यासारखा सुटला आणि ती फट एकतीस वर्षांनी उजेडात आली. आतला मसाला बोटानं पडत होता.

“मसाला तुम्ही कोंबलेला,” मिस्त्री पुटपुटले.

“थापी तुम्ही फिरवलेली,” भावजी पुटपुटले.

दारात ताई उभी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. “कुठाय ओल?”

“आत आहे. खोल,” भावजी म्हणाले.

“हात लावला तर कोरडी लागतेय.”

“लबाड ओल आहे ती, ताई,” मिस्त्री म्हणाले. “माणूस बघितलं की लपते.”

ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून हातावरच्या गादीत खोचल्या, आणि मशीनवर गेली.

दुसऱ्या दिवशी सळया आल्या. आठ एमएमच्या, काटकोनात वाकवलेल्या. ताईनं एक उचलून उजेडात धरली. “याला आम्ही दुहेरी टीप म्हणतो. बाही नुसती टेकवून इस्त्री फिरवली तर हात वर करताच निघून येते, म्हणून घालतो. पण ओलीला दुहेरी टीप कशाला लागते बाई?”

“नवीन पद्धत आहे,” भावजी म्हणाले. “वर्गात शिकवली.”

“पंखा बिघडला म्हणून गेला होतात तो वर्ग? पंखा तर फिरतोय.”

भावजींना एकाएकी खोकला आला.

पण कामाला लागल्यावर दोघांचं भांडण थांबलं. मिस्त्री एका बाजूचा सांधा कोरायचे आणि थांबायचे. भावजी आपल्या बाजूचा कोरायचे आणि थांबायचे. मग दोघं मिळून सळई आत सरकवायचे, एक बाहू या भिंतीत, एक त्या भिंतीत. मसाला ठासायचे. तीन थर वर. पुन्हा. गुडघे कुरकुरायचे, डोळ्यांत भुकटी जायची, दिवसाला जेमतेम दोन सळया बसायच्या. तरुणपणी जे काम चहा येईस्तोवर उरकलं होतं, ते आता चहाच्या चार किटल्या रिकाम्या झाल्या तरी अर्धं व्हायचं होतं.

“मेहुणे,” एकदा भावजी म्हणाले, “तुमचं झालं?”

“नाही. थांबा.”

“थांबलोय,” भावजी म्हणाले. आणि खरंच थांबले होते.

मंगळवारी शेवटची सळई बसली, जाळी वळली आणि गिलावा झाला. नवा सिमेंटचा गिलावा आठवडाभर भिजत ठेवावा लागतो, हे दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. म्हणजे लक्षात होतं, पण ओलीच्या संदर्भात आलं नव्हतं. बुधवारी सकाळी ताई मागच्या खोलीत आली, तर भाऊ आणि नवरा दोघं बादल्या घेऊन भिंतीवर तांब्या-तांब्या पाणी मारत होते.

ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ओल घालवताय ना?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या नाकावरून पाणी गळत होतं.

“चालू द्या,” ताई म्हणाली. दुकानात जाऊन ती इतकं हसली, की गिऱ्हाइकाचं माप चुकून दोन इंच जास्त घेतलं गेलं.

*

भाची आली ती पुढच्या आठवड्यात. एका काखेत बाळ, एका हातात बॅग, दवाखान्याचा गणवेश पाठीवरच्या पिशवीतून डोकावणारा. मागची खोली चुन्यानं पांढरी झाली होती, खिडकीला ताईनं शिवलेला पिवळा पडदा होता. कोपऱ्यात पाळणा.

“मामा, इथं तुमचं भंगार असायचं ना?” भाची म्हणाली. “लहानपणी मला वाटायचं, या खोलीत राक्षस राहतो. तुम्ही आत जाऊच द्यायचा नाहीत.”

“राक्षस गेला,” भावजी म्हणाले. “भाडं परवडेना त्याला.”

बाळ नव्या जागेत कुरकुरायला लागलं. भाचीनं त्याला पाळण्यात ठेवलं, आणि ताईनं पाळण्याची दोरी हातात घेतली. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसले होते, बशीत चहा. हातांना अजून सिमेंटनं पडलेल्या भेगा. त्यांना माहीत होतं आता काय येणार. सवयीनं पाय उठायला लागले. घरी जाऊन काहीतरी काम करायचं होतं, नक्की काय ते वाटेत आठवलं असतं.

ताईचा आवाज आता थोडा फाटला होता, पण चाल तीच.

भिंतीचा हात धरी, भिंतीची बहीण,
भावानं माझ्या घातली...

कोपरा पांढरा, स्वच्छ, सरळ उभा होता. आत सहा सळया दोन्ही भिंतींत बाहू घालून बसल्या होत्या. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आता न बोलताही चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. बाळ सुखानं झोपलं असतं आणि ओवी आपोआप खरी होऊन गेली असती.

मिस्त्री उठले, पण दाराकडे गेले नाहीत. बशी खाली ठेवली.

“ताई, थांब.”

ताईचा हात दोरीवर थांबला. “काय रे? चाल चुकली?”

“चाल बरोबर आहे.” मिस्त्रींनी भावजींकडे पाहिलं. भावजी पडद्याची कडा सरळ आहे का ते पाहत होते. मग त्यांनी पडदा सोडला आणि मेहुण्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, भिंतीला भिंत लागावी तसे.

“आजवर तू हे म्हणायचीस तेव्हा तिथं वीण नव्हती,” मिस्त्री म्हणाले. “चार फूट. आम्ही शर्यत लावली होती. मी त्यांच्यासाठी थांबलो नाही, ते माझ्यासाठी थांबले नाहीत. तू चहा घेऊन आलीस तेव्हा आम्ही फट बुजवत होतो. ओलबिल काही नव्हती. तू या कोपऱ्यात झोपू नयेस म्हणून मी इथं भंगार रचलं, आणि सांगायची लाज वाटली म्हणून रचतच राहिलो. एकतीस वर्षं तुझी ओवी खोटी होती, ताई, ती माझ्यामुळं. वीण आम्ही गेल्या आठवड्यात घातली. दोघांनी मिळून, थांबून थांबून.” त्यांनी पालथ्या हातानं नाक पुसलं. “आता म्हण.”